चाकराची खासगी

मराठेशाहीचीं जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास 'खासगी' हा शब्द वारंवार भेटतो. पण त्याचा त्या काळचा अर्थ आजच्याहून निराळा होता. होळकरांच्या राज्यांत 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन स्वतंत्र हिशेब असत. दौलत ती राज्याची, आणि खासगी ती राजघराण्याच्या स्वतःच्या मालकीची. देवी अहल्याबाईंनीं देशभर जीं मंदिरें, घाट व धर्मशाळा बांधविल्या त्यांचा खर्च मुख्यतः या खासगीच्या उत्पन्नांतून झाला. पुण्यास पेशव्यांच्या पदरींही खासगीचा कारभार पाहणारे स्वतंत्र अधिकारी असत, आणि 'खासगीवाले' हें आडनांव त्या अधिकारावरूनच चालत आलें. म्हणजे खासगी ही धन्याची असे. जिच्यावर इतरांनीं नजर टाकावयाची नाहीं व जिचा हिशेब इतरांनीं विचारावयाचा नाहीं अशी कोठी बाळगणें हा धन्याचा मान होता. चाकरालाही अशी कोठी असूं शकते, ही कल्पना त्या काळीं सहसा कोणाच्या मनांत आली नसती. ज्याचें मीठ खाल्लें त्याला जागणें हा चाकराचा धर्म. आणि त्या धर्मांत कामाचा वेळ कोणता व स्वतःचा कोणता असा भेद नव्हता.

हाच शब्द पुढें चाकराच्या वांट्यास कसा आला, गिरणींतील बाई, औषधांच्या बाटल्या बांधणारी मुलगी आणि रोजंदारीवरील मजूर यांना 'एवढें आमचें खासगी आहे' असें मालकास सांगण्याचा हक्क कसा मिळाला, ही हकीकत बव्हंशीं मुंबई शहराची आहे. तो हक्क एका दिवसांत मिळाला नाहीं, आणि एका कायद्यानेंही मिळाला नाहीं.

या हकीकतीचा आरंभ घर आणि काम यांची फारकत झाली तेथून करावा लागतो. १८६७ सालच्या एप्रिल महिन्याच्या १२ तारखेस बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची विरार ते बॅकबे अशी रोजची एक गाडी सुरू झाली. तिच्या स्थानकांत बोरीवली होतें. इंग्रजी यादींत तें 'बेरेवला' असें लिहिलेलें आढळतें. तेव्हां बोरीवली म्हणजे कान्हेरीच्या डोंगराच्या पायथ्याचें एक खेडें होतें. पुढें याच रुळांवरून उपनगरांतील कारकून, शिक्षक आणि पेढ्यांवरील गुमास्ते रोज सकाळीं शहरांत जाऊं लागले व सायंकाळीं परतूं लागले. ज्याची कचेरी फोर्टांत आणि बिऱ्हाड बोरीवलीस, त्याच्या घरीं काय शिजतें, कोण आजारी आहे, कोणाचें लग्न ठरत आहे, हें साहेबास कळण्यास मार्ग नव्हता. वीस-एक मैलांचें अंतर हाच त्याच्या घराचा पडदा होता, आणि तो कायद्यानें नव्हे तर आगगाडीनें दिला होता.

गिरणी कामगाराला मात्र एवढेंही सुख नव्हतें. कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेवच्या गिरणींत १८५६ सालीं सूत निघूं लागलें, आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनीं भरून गेला. कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यांत, चाळींतील लहानशा खोलींत दाटीवाटीनें राहत. त्यांना कामावर घेणारा इसम म्हणजे जॉबर. तोच हजेरी पाही, दंड करी, रजा देई. पण त्याची सत्ता फाटकापाशीं संपत नसे. अडीअडचणीस कर्ज त्याच्याकडूनच मिळावयाचें, खोली त्याच्याच शब्दानें मिळावयाची, गांवाकडचा भाऊ कामास लागावयाचा तो त्याच्याच मेहेरबानीनें. कोण संपाच्या सभेस गेला, कोणाचें घर कर्जांत बुडालें, हें सर्व जॉबरास ठाऊक असे आणि त्याचा उपयोग तो खात्यांत करी. १९२९ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें आपल्या १९३१च्या अहवालांत जॉबराच्या या सत्तेवर टीका केली आणि कामगारभरतीचा अधिकार त्याच्या हातून काढून घ्यावा असें सुचविलें.

अशा स्थितींत कामगारांनीं पहिली मागणी केली ती वेळेची. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु' पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४च्या सप्टेंबरांत कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढें ठेविला. दर रविवारीं सुटी मिळावी, दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा, काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावें, पगार वेळेवर व्हावा, अशा त्यांतील मागण्या होत्या. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १८९०च्या जून महिन्यांत गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. आठवड्यांतील एक दिवस असा झाला कीं ज्या दिवशीं कामगार कोठें गेला, कोणाशीं बोलला, देवळांत गेला कीं तमाशास गेला, हें मालकानें विचारावयाचें कारण उरलें नाहीं. कामगाराच्या खासगीची पहिली वीट हीच.

योगायोग असा कीं त्याच १८९० सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बोस्टनचे दोन वकील, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस, यांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत खासगीपणाच्या हक्कावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाला पुढें जगभर मान मिळाला आणि कायद्याच्या ग्रंथांत या हक्काचा इतिहास बहुधा तेथूनच सुरू होतो. पण त्या दोघांच्या डोळ्यांपुढें वर्तमानपत्रांच्या चोंबडेपणानें गांजलेलीं सुखवस्तु कुटुंबें होतीं. कारखान्यांतील मजूर नव्हता. अमेरिकेंत मजुराच्या घराचें काय होत होतें तें चोवीस वर्षांनीं दिसून आलें. हेन्री फोर्ड यांनीं १९१४ सालीं आपल्या मोटारीच्या कारखान्यांत रोज पांच डॉलर देऊं केले, आणि त्याबरोबरच एक खातें उघडलें. त्या खात्याचे तपासनीस कामगारांच्या घरीं जात. तो दारू पितो काय, शिल्लक किती टाकतो, घर स्वच्छ ठेवतो काय, लग्नाची बायको आहे काय, याची चौकशी करीत. आणि उत्तरें पसंत न पडल्यास वाढीव वेतन मिळत नसे. कांहीं वर्षांनीं ही पद्धत बंद पडली. परंतु पगार देतो तो सबंध माणूस विकत घेतो, ही समजूत इतक्या लौकर बंद पडणारी नव्हती.

मुंबईंत या समजुतीची गांठ प्रथम स्त्री कामगारांशीं पडली. बाळंतपण ही स्त्रीची अगदीं स्वतःची बाब. पण गिरणींत काम करणाऱ्या बाईस ती सांगितल्यावांचून विश्रांति मिळत नसे, आणि सांगितली तर काम जाण्याची भीति असे. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूति लाभाच्या बिलावर चर्चा झाली तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यास जोराचा पाठिंबा दिला. १९२९ सालीं तो कायदा झाला. या विषयावरचा हिंदुस्थानांतील तो पहिलाच कायदा. त्यानें बाळंतिणीस थोडें द्रव्यसाहाय्य दिलें आणि प्रसूतीच्या रजेंत असतां तिला कामावरून काढण्यास मनाई केली. या मनाईचें महत्त्व रकमेहून मोठें आहे. ज्या कारणासाठीं माहिती दिली त्याच कारणासाठीं ती वापरावी, देणाऱ्याच्या विरुद्ध ती फिरवूं नये, असें तत्त्व तिच्यांत आहे.

फाटकावरची झडती हा असाच दुसरा प्रश्न. गिरणींतून सूत, बॉबिन किंवा कापडाचा तुकडा बाहेर जाऊं नये ही मालकाची काळजी रास्त होती. परंतु त्यासाठीं दिवसभर राबलेल्या माणसाच्या अंगास वाटेल त्यानें हात लावावा काय? १९४६ सालच्या कायद्यान्वयें कारखान्यांस सेवेच्या अटी लेखी ठरवून घेणें भाग पडलें, आणि त्या अटी इंग्रजींत व बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेंत प्रवेशद्वाराजवळ लावण्याचें बंधन आलें. मुंबई राज्यानें १९५९च्या नियमांत त्यांचा जो नमुना दिला त्यांत झडतीचीही मर्यादा घातली: स्त्रीची झडती स्त्रीनेंच घ्यावयाची आणि तेथें पुरुष नसावयाचे. मालकाचा हक्क नाहींसा झाला नाहीं. पण तो कोणत्या रीतीनें बजावावा हें मालकाच्या मर्जीवर राहिलें नाहीं.

झडती अंगाची असते, तशीच ती संसाराचीही असते. मुंबईंतील एका औषध कंपनीच्या बांधणीच्या खात्यांत असा नियम होता कीं तेथील मुलीचें लग्न झालें कीं तिची नोकरी आपोआप संपली. 'बॉम्बे लेबर युनियन'नें हा नियम काढून टाकण्याची मागणी केली. औद्योगिक न्यायाधिकरणानें ती फेटाळली, तेव्हां युनियन सर्वोच्च न्यायालयांत गेली. कंपनीचें म्हणणें असें कीं या खात्यांत टोळीनें काम करावें लागतें, म्हणून हजेरी नियमित पाहिजे, आणि विवाहित स्त्रियांच्या गैरहजेऱ्या अधिक. न्यायालयास त्यांत तथ्य दिसलें नाहीं. गैरहजेरी व्हावयाची तर ती कोणाचीही होईल, आणि प्रसूतीच्या रजेची तरतूद कांहीं जादा माणसें ठेवून करतां येते, असें ठरवून न्यायालयानें तो नियम रद्द केला. हा निकाल १९६६ सालच्या निर्णयसंग्रहांत छापला आहे. त्यांतील मुलींचीं नांवें आज कोणास आठवत नाहींत. पण लग्न करावें कीं न करावें याचा जाब मालकास देण्याचें कारण नाहीं, हें त्यांच्यामुळें ठरलें.

तरीही तें पुरतें ठरलें नव्हतें. त्या काळीं मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या एअर इंडियांत हवाई सुंदरीस तिघांपैकीं जें आधीं घडेल त्या वेळीं निवृत्त व्हावें लागे: वयाचें पस्तिसावें वर्ष, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न, किंवा पहिलें गरोदरपण. १९८१ सालच्या ऑगस्टांत न्यायमूर्ति फझल अली यांनीं दिलेल्या निकालानें गरोदरपणाची अट घटनाबाह्य ठरली, आणि त्या अटीवर न्यायमूर्तींनीं फार कडक शब्दांत ताशेरे मारले. पण चार वर्षांपर्यंत लग्न न करण्याची अट त्याच निकालानें कायम ठेविली. हक्कांचा इतिहास सरळ रेषेंत जात नाहीं, याचें हें उदाहरण होय.

पुढची पायरी अर्जाच्या रकान्यांची. मुंबईंत मुख्य कार्यालय असलेल्या आयुर्विमा महामंडळाच्या दिल्ली येथील शाखेंत एका स्त्रीची नेमणूक झाली. नोकरीपूर्वीं भरावयाच्या प्रतिज्ञापत्रांत विवाहित स्त्रियांना मासिक धर्म, पूर्वींचीं गर्भारपणें, गर्भपात यांविषयीं प्रश्न होते. पुढें ती प्रसूतीच्या रजेवर गेली, आणि प्रतिज्ञापत्रांत खोटी माहिती दिली असें म्हणून तिला उमेदवारीच्या काळांतच कमी करण्यांत आलें. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तिला नोकरीवर परत घेण्यास सांगितलें, आणि असे लाज आणणारे रकाने अर्जांतून काढून टाकण्याविषयीं महामंडळास बजाविलें. खोटें उत्तर दिलें हा दोष कीं विचारूं नये तें विचारलें हा दोष, असा प्रश्न होता. न्यायालयानें प्रश्न विचारणाऱ्याकडे बोट दाखविलें.

या सर्व खटल्यांत जो सर्वांत बोलका आहे, त्यांतील वादीचें नांव कोणास ठाऊक नाहीं. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ सालच्या त्या खटल्याचें शीर्षक आहे 'एमएक्स विरुद्ध झेडवाय'. एमएक्स हा मुंबईचा एक मजूर. झेडवाय हें सरकारी मालकीचें एक महामंडळ. तेथें तो हंगामी मजूर म्हणून काम करीत असे. त्याला पुढें नियमित करण्याचा विचार निघाला तेव्हां वैद्यकीय तपासणी झाली, आणि त्याच्या रक्तांत एच.आय.व्ही.चा विषाणु आहे असें आढळलें. रोगाचीं लक्षणें त्याच्या ठिकाणीं नव्हतीं. अंगमेहनतीचें काम करण्यास तो समर्थ होता. तरीही त्याचें नांव यादींतून कमी झालें आणि काम बंद झालें.

त्या काळीं या रोगाचें नांव काढतांच शेजारी दार लावून घेत, नातलग भांडीं वेगळीं करीत. न्याय मागावयाचा तर न्यायालयांत जावें लागणार, आणि न्यायालयांत गेलें कीं नांव साऱ्या शहरांत होणार. हक्क मिळविण्यासाठीं जें लपवावयाचें तेंच उघडें करावें लागावें, अशा पेंचांत तो मजूर सांपडला होता. न्यायालयानें त्याला नांव झांकून दावा चालविण्याची परवानगी दिली, आणि महामंडळाचेंही नांव झांकलें. कारण मालकाचें नांव कळल्यावर मजुराचा माग काढणें अवघड नव्हतें. न्यायमूर्ति टिपणीस आणि न्यायमूर्ति रंजना देसाई यांनीं निकाल दिला कीं जो मनुष्य आपलें काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून कामावरील इतरांस धोका नाहीं, त्याला केवळ या विषाणूच्या कारणावरून नोकरी नाकारणें हें घटनेच्या समतेच्या व जीविताच्या हक्कांविरुद्ध आहे. त्या मजुराला पुन्हा काम मिळालें पाहिजे असें ठरलें.

या निकालानें एक साधें माप हातीं दिलें. मालकानें नोकराविषयीं काय जाणावें? कामाशीं ज्याचा संबंध आहे तेवढें. लोकलच्या मोटरमनची दृष्टि तपासलीच पाहिजे; बसचालक मद्य पिऊन आला आहे काय हें पाहिलेंच पाहिजे; त्यांत हजारों प्रवाशांचे प्राण गुंतलेले असतात. तिजोरी सांभाळणाऱ्याची चोख चौकशी व्हावी, यासही कोणाची हरकत नसावी. पण माल उचलणाऱ्याच्या रक्तांत काय आहे, बाटल्या बांधणारीचें लग्न झालें काय, कचेरींत बसणारीस मूल केव्हां झालें, यांचा कामाशीं संबंध काय, हें मालकानें आधीं दाखवून द्यावें.

पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं निवृत्त न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें सांगितलें कीं खासगीपण हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्याच वर्षीं एच.आय.व्ही.विषयक स्वतंत्र कायदा संमत होऊन २०१८च्या सप्टेंबरांत अंमलांत आला. नोकरीसाठीं या चाचणीची सक्ति करण्यास त्यानें मनाई केली, आणि न्यायालयांत नांव झांकून दाद मागण्याची सोयही कायद्यांत आली. एका मजुरास १९९७ सालीं जी सवलत मिळाली होती, ती वीस वर्षांनीं सर्वांची झाली.

येथें ही हकीकत संपली असती तर बरें झालें असतें. पण आगगाडीनें दिलेला वीस मैलांचा पडदा आतां राहिला नाहीं. २०२० सालच्या टाळेबंदींत लोकल थांबल्या आणि कचेरी बोरीवलीच्या दोन खोल्यांच्या घरांत येऊन बसली. संगणकाच्या पडद्यावर साहेबास स्वयंपाकघर दिसूं लागलें. नागपूरच्या महानगरपालिकेनें सफाई कामगारांच्या मनगटांवर ते कोठें आहेत हें सांगणारीं घड्याळें बांधलीं. कामचुकारांस आळा बसेल हा त्यांतील हेतु. परंतु शौचास गेलें तरी तें कोठेंतरी नोंदलें जातें काय, या शंकेनें बायका धास्तावल्या, आणि कामगारांनीं तक्रारी केल्या. जॉबर निदान ओळखीचा होता, त्याच्याशीं भांडतां तरी येत होतें. घड्याळाशीं कोण भांडणार?

२०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरांत निघाले; त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाच्या आहेत. माहिती घेतांना माणसाची संमति घ्यावी हा या कायद्याचा मुख्य नियम. परंतु नोकरीच्या प्रयोजनासाठीं, तसेंच मालकाचें नुकसान टाळण्यासाठीं, संमतीवांचूनही माहिती वापरण्याची मुभा त्यांत आहे. 'नोकरीचें प्रयोजन' हे शब्द दिसावयास लहान आहेत. पण त्यांत फाटकावरची झडती मावते, आणि औषध कंपनीचा लग्नाचा नियमही मावूं शकेल. त्यांचा अर्थ संकुचित राहील कीं विस्तृत होईल, हें पुढें न्यायालयें ठरवतील. आणि न्यायालयांपुढें तो प्रश्न नेणारा कोणी तरी साधा नोकर असेल.

तोंपर्यंत सुशिक्षित कुटुंबांनीं एवढें तरी करावें. घरांतील मुलगा किंवा मुलगी नोकरीचा अर्ज भरीत असतां एखादा रकाना खटकला, तर 'विचारतात तर लिहून टाक' असें म्हणूं नये. या माहितीचा कामाशीं काय संबंध, हें विचारण्यास त्यांना शिकवावें. आणि आपल्या घरीं धुणेंभांड्यास येणाऱ्या बाईची पिशवी जातांना उघडून पाहण्यापूर्वीं, तिच्या संसाराची चौकशी करण्यापूर्वीं, हाच प्रश्न स्वतःसही विचारावा. कारण मोलकरणीसाठीं आपणही मालकच असतों, आणि खासगी फक्त धन्याची नसते, हें मुंबईच्या कामगारांनीं शंभरांहून अधिक वर्षें झगडून दाखवून दिलें आहे.